मेडिकलची पाहणी करा, पण गिऱ्हाइकाचं नाव-नंबर कशाला?

प्रति,
नाशिक शहरात औषध दुकानांच्या सेवांची पाहणी करणारी फार्मसी महाविद्यालये, सेवाभावी संस्था, औषध विक्रेत्यांच्या संघटना आणि ही कामे सोपवणारी सरकारी-निमसरकारी कार्यालये यांस

विषय : पाहणीच्या फॉर्ममध्ये गोळा होणारी लोकांची खासगी माहिती

सप्रेम नमस्कार.

औषध दुकानांच्या पाहण्या व्हायलाच हव्यात. रात्री अकरानंतर सातपूर किंवा सिडकोत कुठलं मेडिकल उघडं सापडतं, इन्सुलिन मागितल्यावर ते फ्रिजमधून निघतं की शेल्फवरून, काउंटरवर फार्मासिस्ट असतो की नुसता पोऱ्या, न मागता बिल मिळतं का, डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी नसेल तर पर्याय सांगतात की ‘उद्या या’ म्हणतात, हे कुणीतरी विचारून लिहून ठेवल्याशिवाय सुधारणार नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा पंचवटी आणि नाशिकरोडला अशा पाहण्या वाढतील हेही उघड आहे.

यातला एकेक प्रश्न पुन्हा वाचून पाहा. प्रत्येक प्रश्न दुकानाबद्दल आहे. एकाही प्रश्नाच्या उत्तराला गिऱ्हाइकाचं नाव लागत नाही. तरी फॉर्म हातात घेतला की वरचा पाव कागद ठरलेला असतो : संपूर्ण नाव, मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, कुठला आजार आहे, कुठली औषधं चालू आहेत, डॉक्टरांचं नाव. कधी कधी तर आधारचे शेवटचे चार आकडेही. दुकानाची पाहणी म्हणून सुरू झालेला कागद इथेच रुग्णाची नोंदवही होऊन बसतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा वरचा पाव कागद कापून टाका. तो का कापावा, कापल्यावर काम अडतं असं वाटतं तिथे काय करावं आणि थोडा भाग ठेवावाच लागला तर कसा सांभाळावा, यासाठी हे पत्र.

औषधाच्या नावातच आजार लिहिलेला असतो, हे फार्मसीच्या विद्यार्थ्याला सांगायची गरज नाही. रिफॅम्पिसिन म्हणजे बहुतेक वेळा क्षयरोग. लिथियम म्हणजे मानसोपचार. डोनेपेझिल म्हणजे स्मृतिभ्रंश. फॉर्मवर ‘आजार’ हा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला आणि ‘चालू औषधे’ भरून घेतला, तर आपण काहीच लपवलेलं नसतं. या माहितीचा फटका कुठे बसतो हेही ठाऊक आहे : लग्नाच्या बोलणीत, भाड्याची खोली बघताना, अंबडच्या कंपनीत कंत्राट वाढवायच्या वेळी. नाव आणि औषध एका ओळीत आले की त्या कागदाची किंमत पाहणीपेक्षा जास्त होते.

दुकानदाराकडे अशी माहिती असतेच, पण ती का असते ते बघा. शेड्यूल एच-वन, म्हणजे औषध नियमांतली जास्त जपून विकायच्या औषधांची एक यादी, १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यातलं औषध विकलं की स्वतंत्र रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतल्या औषधाला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं ठेवायची. क्षयरोगाची औषधं देणाऱ्या दुकानाला २०१८ पासून रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवावी लागते. या प्रत्येक नोंदीला एक ठरलेला वाचक आहे. कुठे औषध निरीक्षक, कुठे क्षयरोग कार्यालय. पाहणीला आलेला विद्यार्थी त्या वाचकांत बसत नाही, मग त्याच्या हातात महाविद्यालयाचं शिक्का मारलेलं पत्र का असेना. पत्र दाखवून ‘गेल्या महिन्यातल्या शुगरच्या शंभर पेशंटची यादी द्या, आम्ही फोन करू’ अशी मागणी होते, आणि दुकानदार भिडेखातर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून नाव-मोबाइलची एक्सेल काढून देतो. गिऱ्हाइकाने तो मोबाइल नंबर बिलासाठी किंवा ‘गोळ्या संपत आल्या की मेसेज टाका’ म्हणून दिलेला असतो. तो तिसऱ्याच्या हातात देण्याचा हक्क दुकानदाराला त्यातून मिळत नाही. दुकानदारांनी इथे सरळ नाही म्हणावं, आणि मागणाऱ्यांनी मुळात मागूच नये.

यादी नसेल तर माणसं निवडायची कशी? उत्तर सोपं आहे, पाय मात्र दुखतील. महापालिकेचे सहा विभाग घ्या : पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड. प्रत्येक विभागातून ठरावीक दुकानं चिठ्ठ्या टाकून काढा. गोळे कॉलनीतली होलसेलची दुकानं यातून वगळा, तिथे येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. प्रत्येक दुकानाला दोन वेळा द्या, एकदा सकाळच्या ओपीडीनंतर आणि एकदा संध्याकाळी सातच्या पुढे, कारण दोन्ही वेळची माणसं वेगळी आणि घाईही वेगळी. बाहेर पडणारं दर दहावं गिऱ्हाईक थांबवा. दोन तासांत साठ माणसं आली तर सहा मुलाखती होतात. नको म्हणणाऱ्यासाठी कागदावर नुसती एक रेघ ओढा, त्याचं वय-लिंग अंदाजाने लिहीत बसू नका. मुलाखत काउंटरपाशी घेऊ नका, पायऱ्या उतरून दहा-बारा पावलं पुढे घ्या. काउंटरवर दोन गोष्टी बिघडतात. दुकानदार ऐकत असला की प्रत्येक उत्तर ‘चांगलंय, चांगलंय’ असं येतं. आणि ‘आजोबा, तुम्ही झोपेची गोळी इथूनच घेता ना?’ हे रांगेतल्या पाच जणांना ऐकू जातं. त्यातला एक शेजारी निघतोच.

आईची औषधं न्यायला आलेला मुलगा भेटला तर त्याला दुकानाबद्दल विचारा. आईच्या आजाराबद्दल विचारू नका, ती माहिती आईची आहे आणि आई तिथे उभी नाही. आजीची गोळी न्यायला आलेलं शाळकरी पोर असेल तर त्याला जाऊ द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात (त्याबद्दल पुढे येतंच) अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. मेडिकलच्या फुटपाथवर ते जमणार नाही.

आता मोबाइल नंबरचा खरा मुद्दा. नंबर का घेता असं विचारलं की ‘संपर्कासाठी’ हे उत्तर येतं. खरं कारण वेगळं असतं, आणि ते चुकीचंही नाही. पाहणी करणाऱ्या मुलांनी फॉर्म घरी बसून भरले नाहीत ना, हे तपासायचं असतं. पर्यवेक्षक काही नंबर फिरवून ‘तुमच्याकडे आमचं कुणी आलं होतं का?’ विचारतो. पण त्यासाठी सगळ्यांचा नंबर घेण्याची गरज नाही, आणि घेतलेला नंबर उत्तरांच्याच कागदावर लिहिण्याची तर मुळीच नाही. दहातल्या एकालाच विचारा, ‘आमच्या माणसाचं काम तपासायला उद्या एक फोन आला तर चालेल का?’ चालेल म्हणाला तर वेगळ्या चिठ्ठीवर नंबर, तारीख आणि दुकानाचा सांकेतिक क्रमांक एवढंच लिहा. फॉर्मचा क्रमांक त्या चिठ्ठीवर टाकू नका. ती चिठ्ठी बंद पाकिटातून थेट पर्यवेक्षकाकडे जाते, फोन झाला की फाडली जाते, आणि जास्तीत जास्त पंधरा दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या संपतात.

खोटे फॉर्म पकडायचे तर फोनपेक्षा आकडे जास्त बोलतात. बारा प्रश्नांची मुलाखत दीड मिनिटात संपली असेल, एकाच मुलाच्या सलग आठ फॉर्मवर ‘समाधानी’च्याच रकान्यात खूण असेल, दुकान बंद असण्याच्या वेळेला तिथल्या मुलाखती दिसत असतील, तर वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. त्यात पर्यवेक्षकाने न सांगता दोन दुकानांवर चक्कर टाकली की काम भागतं.

नंबरचं दुसरं कारण ‘एकच माणूस दोनदा येऊ नये’ असं सांगतात. मुलाखतीच्या सुरुवातीला ‘ही माहिती याआधी कुणी विचारली होती का?’ एवढं विचारा. त्यातूनही एखादा सुटला तर पाहणी बुडत नाही.

तिसरं कारण लकी ड्रॉ. बक्षीस ठेवायचंच असेल तर दोन डबे ठेवा, एकात फॉर्म आणि दुसऱ्यात नंबरची चिठ्ठी. दोन्हींवर एकच क्रमांक टाकला की दोन डब्यांचा काही उपयोग राहत नाही, आणि नेमकं तेच केलेलं दिसतं.

काही जण म्हणतात, आम्ही नंबर ठेवत नाही, त्याचा ‘हॅश’ करून ठेवतो, म्हणजे ठरलेल्या गणिताने त्याची अक्षर-आकड्यांची वेगळीच ओळ करतो, ती वाचताच येत नाही. ऐकायला छान वाटतं. हिशोब करून बघा. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८, ९ यांपैकी एकाने सुरू होणारे. म्हणजे होऊन होऊन ४०० कोटी नंबर होतात. त्या सगळ्यांचे हॅश एकापाठोपाठ एक काढून तुमच्या यादीशी जुळवायला साध्या लॅपटॉपला काही तासही पुरे. नंबरात एखादा गुप्त शब्द मिसळून हॅश केला आणि तो शब्द दुसऱ्याच माणसाकडे ठेवला तर थोडं संरक्षण मिळतं. पण एवढी यातायात करण्यापेक्षा नंबर न घेणं स्वस्त पडतं.

नाव-नंबर काढला म्हणजे माणूस ओळखता येत नाही, असं मात्र समजू नका. एका ओळीकडे जवळून बघा : स्त्री, जन्मतारीख १४ जून १९४७, पिनकोड ४२२००३, दुकान पंचवटी कारंज्याजवळचं, औषध डोनेपेझिल, वेळ संध्याकाळी ७:४२:१०. नाव कुठे आहे? कुठेच नाही. पण त्या गल्लीतल्या दुकानदाराला, शेजारणीला आणि सुनेच्या मैत्रिणीला या कुणाच्या आजी ते लगेच कळेल. तीच ओळ अशी लिहा : स्त्री, ७५ आणि पुढे, पंचवटी विभाग, दीर्घ मुदतीचं औषध – हो, वेळ – संध्याकाळ. दुकानसेवेबद्दल जे जाणून घ्यायचं होतं त्यातलं काही गेलं नाही. जन्मतारखेच्या जागी वयोगट : १८ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० ते ७४, ७५ आणि पुढे. पिनकोडच्या जागी विभाग. औषधाच्या नावाच्या जागी ‘रोज लागणारं की तात्पुरतं’. डॉक्टरांच्या नावाच्या जागी ‘चिठ्ठी होती की नव्हती’.

वेळेचा रकाना बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ऑनलाइन फॉर्म भरला की गूगल शीटमध्ये सेकंदापर्यंतची वेळ आपोआप उतरते. दुकानात सीसीटीव्ही असतो, बिलावर वेळ असते, यूपीआयच्या मेसेजवरही असते. तिन्ही जुळवायला डिटेक्टिव्ह लागत नाही. शीट कुणालाही देण्याआधी तो रकाना ‘सकाळ / संध्याकाळ’ करून टाका.

गूगल फॉर्मचं आणखी थोडं, कारण बहुतेक पाहण्या आता तिथेच होतात. सेटिंग्जमध्ये ‘रिस्पॉन्सेस’खाली ईमेल गोळा करायचा की नाही तो पर्याय असतो, तो ‘डू नॉट कलेक्ट’वर आहे ना ते स्वतः उघडून बघा. ‘प्रेझेंटेशन’खाली ‘व्ह्यू रिझल्ट्स समरी’ नावाचा खटका असतो. तो चालू राहिला तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांच्या उत्तरांचा गोषवारा दिसतो, आणि लिहून दिलेली उत्तरं तिथे जशीच्या तशी दिसतात. ‘काही सूचना’ या रकान्यात कुणी सुनेच्या गर्भपाताच्या गोळ्यांची तक्रार लिहिली असेल तर ती चारशे जण वाचतात. चिठ्ठीचा किंवा बिलाचा फोटो जोडायला सांगू नका. फाइल चढवायची तर गूगलला लॉगिन लागतं आणि फाइलच्या नावापुढे चढवणाऱ्याचं नाव आपोआप चिकटतं. म्हणजे फॉर्म निनावी आणि फोटो नावानिशी. उत्तरांची शीट ‘लिंक असलेला कुणीही’ अशी उघडी ठेवून लिंक ग्रुपवर टाकणं हा तर रोजचा प्रकार. शीट दोन माणसांच्या ईमेलपुरती उघडी ठेवा, प्रमुख आणि माहिती तपासणारा. बाकीच्यांना बघायचीच असेल तर नाव-नंबर नसलेली प्रत द्या.

‘काही सूचना’ हा रकाना आम्हाला स्वतःला आवडतो. सगळ्यात कामाची गोष्ट तिथेच सापडते. पण लोक तिथे मोकळे होतात, डॉक्टरांचं नाव, मुलाचा आजार, शेजारच्या दुकानदाराचे व्यवहार, सगळं येतं. रकान्याच्या वर ठळक अक्षरांत लिहा : ‘कुणाचंही नाव, आजार किंवा औषध इथे लिहू नका.’ तरीही लिहिणारे लिहितात. म्हणून शीट पुढे जाण्याआधी एका माणसाने हा रकाना ओळन् ओळ वाचून नावं काढायची. हे काम यंत्रावर सोडू नका. ‘आमच्या गल्लीतले हाडांचे डॉक्टर’ यात नाव नाही, पण गल्लीत हाडांचा डॉक्टर एकच असतो.

कागदी फॉर्मची जोखीम वेगळी. पॅडवर फॉर्मचा गठ्ठा लावलेला असतो, भरलेला फॉर्म मागे सरकवतात, वाऱ्याने पान उलटतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच्याचं सगळं दिसतं. हजेरीसारखी एकाच कागदावर एकाखाली एक नावं घेण्याची पद्धत तर त्याहून वाईट, तिथे पान उलटायचीही गरज नसते. भरलेला फॉर्म लगेच चेनच्या पिशवीत गेला पाहिजे. संध्याकाळी ‘सर, आजचे’ म्हणून भरलेल्या फॉर्मचे फोटो ग्रुपवर टाकले की एका कागदाच्या पंधरा प्रती होतात : पंधरा फोनच्या गॅलरीत आणि त्यातल्या निम्म्या गूगल फोटोजमध्ये. नंतर ‘डिलीट करा रे’ म्हटलं तरी बॅकअप झालेला फोटो तिथल्या ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतो, ड्राइव्हवरची फाइल ३० दिवस. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून प्रिंट काढणं हा त्याचाच धाकटा भाऊ. फाइल त्याच्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते आणि दिवसभर तिथे कुणीही बसतं. कोरा फॉर्म झेरॉक्सला खुशाल पाठवा, भरलेला नको.

अहवाल करतानाच्या तीन चुका सांगतो, कारण त्या शहाण्या माणसांकडून होतात. पहिली एक्सेलच्या पिव्होट टेबलची, म्हणजे मोठ्या यादीतून आपोआप बनणाऱ्या गोषवाऱ्याच्या तक्त्याची. आपण मूळ शीट पुसून फक्त गोषवाऱ्याचा तक्ता पाठवतो. पण पिव्होटच्या पोटात सगळ्या ओळी तशाच असतात, आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्यामागच्या माणसांची यादी नव्या पानावर उघडते. तक्ता नव्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून, म्हणजे नुसते आकडे चिकटवूनच पाठवा. दुसरी कुलपाची. ‘प्रोटेक्ट शीट’ म्हणजे कुलूप असा समज आहे, तो फक्त चुकून हात लागू नये म्हणून लावलेला कडी-कोयंडा आहे. फाइल उघडायलाच पासवर्ड लागेल असं करा, आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका. पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी ओढणंही याच जातीचं : पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो.

तिसरी चूक बारीक आकड्यांची. समजा ‘मानसोपचाराची औषधं मिळायला अडचण आली’ असं म्हणणारे ६२ जण आहेत. विभागवार आकडे १४, ११, ९, १५, १० आणि शेवटच्या विभागात ३. तीन म्हणजे फार थोडे, माणसं ओळखू येतील म्हणून तुम्ही तिथे ‘५ पेक्षा कमी’ लिहिलंत आणि एकूण मात्र ६२ च छापलंत. वाचणारा बेरीज करतो, ५९. बासष्टातून एकोणसाठ गेले, तीन उरले. म्हणून एकाच्या जोडीला आणखी एक आकडा झाकावा लागतो, किंवा दोन विभाग एकत्र करावे लागतात. आमचा कल एकत्र करण्याकडे आहे, झाकलेले चौकोन वाचणाऱ्याला चिडवतात.

कायद्याबद्दल थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. नाशिकला तेव्हा सिंहस्थाची धांदल असेल. कागदावर घेतलेली माहिती नंतर संगणकात टंकली की तीही या कायद्याखाली येते, तेव्हा ‘आमचा फॉर्म कागदी आहे’ ही पळवाट नाही. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि कळून-सवरून दिलेली हवी, आणि ती त्या कामाला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. कायद्याने स्वतःच दिलेलं उदाहरण आरोग्याचं आहे : डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादी मागितली आणि माणसाने ‘हो’ म्हटलं, तरी ते ‘हो’ यादीपुरतं धरलं जात नाही, कारण सल्ल्यासाठी यादी लागत नाही. दुकान रात्री उघडं असतं का हे विचारताना घेतलेली जन्मतारीख त्याच मापाने मोजा. संशोधन आणि आकडेवारीसाठी कायद्यात सवलत आहे, पण तिला अटी आहेत, आणि त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेतलात की ती संपते. पाहणीत सापडलेल्या रुग्णाला ‘तुम्ही गोळ्या चुकवता’ म्हणून फोन केलात की तुम्ही सवलतीच्या बाहेर. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. महाविद्यालयाच्या एखाद्या प्रकल्पाला कुणी एवढा दंड करेल असं आम्हाला वाटत नाही, आणि त्या आकड्याची भीती घालणंही आम्हाला आवडत नाही. एचआयव्हीबाबत मात्र २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि गोपनीयतेबद्दल तो कडक आहे. तो विषय दुकानसेवेच्या पाहणीत आणूच नका.

संमतीच्या नावाखाली ‘मी वरील माहिती स्वखुशीने देत आहे’ या ओळीवर सही घेतात. त्यात कुणाला, कशासाठी, किती दिवस यातलं काहीच नाही, आणि सही घेतली की निनावी फॉर्म पुन्हा नावाचा होतो. त्याऐवजी मुलाखतीआधी हे वाचून दाखवा, अर्ध्या-पाऊण मिनिटात होतं :

‘नमस्कार. आम्ही नाशिकमधल्या औषध दुकानांच्या सेवेबद्दल विचारतो आहोत. बारा प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतील. या फॉर्मसाठी तुमचं नाव, नंबर, आजार किंवा औषधाचं नाव आम्ही विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका. तुमच्याबद्दल स्त्री की पुरुष, वयोगट आणि महापालिकेचा विभाग तेवढा लिहू. उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणा, दुकानातल्या तुमच्या सेवेवर त्याचा काही परिणाम होणार नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर हा कागद तुमच्यासमोर फाडून टाकू. भरलेले फॉर्म या तारखेला नष्ट होतील. तक्रार असेल तर या चिठ्ठीवरच्या कार्यालयाच्या नंबरवर सांगा. विचारू का?’

‘विचारा’ म्हणाला की फॉर्मवर मुलाखत घेणाऱ्याने खूण करायची. चिठ्ठीवर कार्यालयाचा नंबर आणि जबाबदार पदाचं नाव, मुलाखत घेणाऱ्या मुलीचा स्वतःचा मोबाइल नंबर नको. तिचीही खासगी माहिती आहे ती. अंबड-सातपूरला हाच मजकूर हिंदीतही बरोबर ठेवा. इंग्रजी फॉर्म हातात देऊन ‘साइन कर दीजिए’ म्हणणं बंद करा. कायद्याप्रमाणे अशी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे आणि मराठी त्यात आहे.

फोन हरवला, पिशवी रिक्षात राहिली, शीट उघडी राहिली, असं होणारच. पहिल्या तासात कुणाला सांगायचं ते आधी ठरवा. लिंक बंद करणे, फोन दूरवरून पुसणे, कुठल्या दुकानाचे कुठल्या तारखेचे किती फॉर्म होते ते लिहून काढणे, याच क्रमाने. वर सांगितलेल्या डेटा कायद्याच्या नियमांप्रमाणे ज्यांची माहिती गेली त्यांना आणि त्याच कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं असतं, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची असते. ज्यांचं नाव-नंबरच घेतलेलं नाही त्यांच्या बाबतीत हे सगळं बरंच हलकं होतं.

शेवटी रद्दी. आकडे संगणकात चढले, दहातला एक फॉर्म काढून पडताळला, अहवाल दिला, की कागदांचं काम संपतं. पण ते विभागाच्या कपाटावर गठ्ठा बांधून राहतात, तीन वर्षांनी कपाट हलवायची वेळ येते आणि गठ्ठा किलोवर जातो. पुढे त्याचे पुडे होतात, भेळेचे किंवा फुटाण्यांचे. नष्ट करण्याची तारीख फॉर्म छापतानाच त्याच्या तळाशी छापा, अहवालानंतर ९० दिवस पुरेत. उभ्या पट्ट्या कापणारं यंत्र पुरत नाही, पट्ट्या जुळवता येतात, आडवे-उभे तुकडे करणारं हवं. यंत्र नसेल तर बादलीत रात्रभर भिजवून लगदा करा. किती फॉर्म, कुणासमोर, कुठल्या दिवशी नष्ट केले याची दोन ओळींची नोंद मात्र कायम ठेवा. त्या नोंदीत कुणाचं खासगी काही नसतं.

सध्या ज्यांची पाहणी चालू आहे त्यांनी पुढचा गठ्ठा छापायला टाकण्याआधी फॉर्मचा वरचा पाव कागद झाकून उरलेले प्रश्न एकदा वाचावेत. त्यांतल्या कुठल्या उत्तराचा अर्थ नावावाचून लागत नाही, तो प्रश्न आम्हाला कळवा. त्यावर बसून बोलू.

कळावे,

आपले,
नाशिकमधले काही फार्मासिस्ट आणि पाहण्यांच्या माहितीचं काम करणारे